दारावर गेलेलं पातेलं

डोंगरावरच्या सरांचा फोन आला की त्यात हॅलो, नमस्कार, कसे आहात असलं काही नसायचं. थेट प्रश्न यायचा, “सर, आमचं पातेलं?”

तीन वर्षं हे चाललं होतं. ते सातपुड्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, मी खाली लोणखेड्याच्या बाजूला भूगोल शिकवतो. आपापल्या कॉलेजच्या श्रमदान शिबिराचं काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलेलं. म्हणजे वर्षातले सात दिवस पोरं घेऊन एखाद्या गावात राहायचं, बंधारा घालायचा, गटारं उपसायची आणि शंभर जणांना दोन्ही वेळा पोटभर जेवू घालायचं. तीन वर्षांपूर्वी आमच्या शिबिराच्या आदल्या दिवशी आमच्या पातेल्याला भोक पडलं, म्हणून मी त्यांचं मागून आणलं. जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, दोघांनी दोन कड्यांना धरून उचलायचं, पोटावर तांबड्या ऑइलपेंटनं त्यांच्या कॉलेजचं नाव. शिबिर संपलं आणि ते पातेलं आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये रुजू झालं. मेसच्या मावशींचा त्याच्यावर जीव बसला. ह्यात डाळ खाली लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. परत द्यायचा विषय काढला की त्या माझ्या ताटात पातळ डाळ वाढायच्या, आणि मीही विषय सोडून द्यायचो.

डोंगरावरच्या सरांना मी नाना कारणं सांगितली. पातेलं मावशींच्या भाचीच्या लग्नात गेलंय, कडी झाळायला दिलीय, आमची बस बिघडलीय. एकदा तर नदीला पूर आलाय म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारलं, “सर, आमच्याकडे यायला कुठली नदी लागते?” भूगोलाचा प्राध्यापक असून मी रेंज गेल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

यंदाच्या जानेवारीत त्यांचं शिबिर चालू होतं. एका ओढ्यावर पोत्यांचा बंधारा घालत होते. चौथ्या दिवशी पोती संपली. ती आणायला जीपमधून सर स्वतः निघाले होते. ऐनवेळी त्यांचे दोन विद्यार्थी म्हणाले, सर, तुम्ही थांबा, आम्ही घेऊन येतो. येताना घाटातल्या वळणावर जीप खाली गेली. ते दोघेही गेले आणि ड्रायव्हरही गेला.

मी सरांना फोन लावला. त्यांनी उचलला, पण कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, “सर, मी आता कुणाच्या पोरांना कुठं नेणार नाही.” आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून कळलं की सरांनी राजीनामा दिलाय, वर्गावर जाणंही सोडलंय. त्यांच्या प्राचार्यांनी तो कागद पुढे न पाठवता टेबलाच्या खणात ठेवला होता, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले. पातेल्याबद्दल सरांनी फोनवर एक शब्द काढला नव्हता, आणि खरं सांगतो, मला राजीनाम्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. चांगला मास्तर होता तो. पोरं त्याच्या मागे डोंगर चढायची.

आमच्या कॉलेजनं ठरवलं की शोकसभा घ्यायची. आमच्याकडे कुठलीही गोष्ट ठरली की आधी समिती होते, तशी झाली. आमच्या प्राचार्यांनी चार पानी भाषण लिहून काढलं. भाषण माझ्याकडे तपासायला आलं तेव्हा त्यात ‘काळाचा घाला’ हा शब्दप्रयोग सहा वेळा होता. मी चार काढले, त्यांनी तीन परत घातले.

सभा पटांगणात झाली. भाषणाच्या आधी दोन मिनिटं स्तब्धता पाळायची आणि दोन मिनिटं झाली की आमच्या शिपाईदादांनी व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला द्यायचा, अशी योजना होती. दादा म्हणजे कॉलेजातला सगळ्यात जुना माणूस. आमचे दोन प्राचार्य त्यांच्या डोळ्यांदेखत निवृत्त झाले होते. सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. दोन मिनिटं झाली असावीत. टोला नाही. चार झाली असावीत. टोला नाही. सगळ्यांच्या मनगटावर घड्याळ आणि खिशात मोबाइल, पण पहिली मान वर कोण करणार? मी डोळे किलकिले करून पाहिलं तर कुंपणापलीकडे उसाचा ट्रॅक्टर थांबला होता आणि त्यावरचा माणूस टोपी काढून उभा होता. त्याच्यामागे एसटी थांबली होती. कंडक्टर खाली उतरला, त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तोही मान घालून उभा राहिला. शहाद्याचा रस्ता आमच्यामुळे तुंबला. पुढच्या रांगेतली एक मुलगी पायात गोळा येऊन मटकन खाली बसली, तरी कुणी हललं नाही. अकराव्या मिनिटाला प्राचार्यांना शिंक आली आणि तीच आम्ही घंटा समजून घेतली.

दादा रुळाजवळ हातात हातोडी धरून, डोळे मिटून तसेच उभे होते. मी जरा तणतणतच गेलो आणि विचारलं, दादा, टोला का नाही दिला? त्यांचे गाल ओले होते. म्हणाले, “मन्हा डोया मिटेल व्हतात, सर. मंग घड्याय कसं दखाई?” माझा राग तिथल्या तिथे विरला. सगळ्या सभेत खरी स्तब्धता त्यांनी एकट्यानं पाळली होती, बाकी आम्ही घंटेची वाट पाहत होतो.

अकरा मिनिटांनी सगळ्यांचे पाय इतके अवघडले होते की भाषण पुढे ढकलावं लागलं. स्टाफरूममध्ये चहा घेताना मी डोंगरावरच्या सरांची हकिकत सांगितली, राजीनाम्याचं सांगितलं. प्राचार्य म्हणाले, आपण शोकसंदेशाचं पत्र पाठवू, लेटरहेडवर. चहाचे कप गोळा करणारे दादा थांबले.

“पत्र कसाले, सर? दारवर जावं लागस. जाईसन बठानं, उठीसन येवानं. बोलानं काहीच नही.”

दारावर जाणं म्हणजे आमच्याकडची रीत. कुणाच्या घरी मयत झालं की नातेवाईक, गाववाले गाडी भरून जातात, दारासमोर बसतात, घटकाभरानं उठतात. आपण आधी बोलायचं नसतं. घरचा माणूस बोलला तर त्याच्याशी बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. बायका मात्र गल्लीच्या तोंडापासून रडत जातात. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, कारण अशा कारणानं पुन्हा यायची वेळ नको. गावाची शीव ओलांडेपर्यंत मागं वळून पाहायचं नाही, बोलायचंही नाही. घरी आल्यावर आंघोळ करायची. हे सगळं आम्ही घराघरांत करत आलोय, पण एका कॉलेजानं दुसऱ्या कॉलेजाच्या दारावर गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. प्राचार्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “बस काढा.”

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा जेवण न्यायला हवं. मावशींनी पहाटेपासून उडदाची डाळ आणि ज्वारीच्या भाकरी केल्या. डाळ अर्थातच त्या पातेल्यात. मी म्हणालो, बरं झालं, या निमित्तानं पातेलंही जागच्या जागी जाईल. मावशी पदरानं पातेल्याचा काठ पुसत राहिल्या.

आम्ही वीसेक जण निघालो. म्हसावद मागे पडलं, केळीचे मळे संपले आणि घाट लागला. बसमध्ये तोवर बडबड चालली होती. एका वळणावर कठड्याची तुटलेली बाजू दिसली, तिथे कुणीतरी झेंडूची माळ बांधली होती. ड्रायव्हरनं बस अगदी हळू घेतली. पातेल्यातली डाळ हिंदकळून झाकणाखालून मावशींच्या लुगड्यावर आली, त्यांनी ती पुसली नाही.

पुढचा घोटाळा आमचाच, त्यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही. मी त्या कॉलेजात पूर्वी गेलो होतो, पण पावसाळ्यात, तेव्हा सगळं हिरवं होतं. आता डोंगर उघडे पडले होते आणि मला काही ओळखू येईना. दादा ड्रायव्हरला म्हणाले, जिथे माणसं गप्प बसलेली दिसतील तिथे थांब. तसं ठिकाण लगेच दिसलं. चुन्यानं रंगवलेली लांबट इमारत, पुढे ओटा, आणि ओट्यावर-अंगणात चाळीसेक माणसं माना खाली घालून बसलेली. कुणी एका शब्दानं बोलत नव्हतं.

मावशी खाली उतरल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला. मावशींचा आवाज मेसमधून हाक मारली तरी बसस्टँडवर ऐकू जातो. पाठोपाठ आमच्या लायब्ररीच्या मॅडम सुरू झाल्या. आम्ही पुरुष रीतीप्रमाणे खाली मान घालून अंगणात जाऊन बसलो. तिथल्या लोकांनी सरकून जागा दिली. घरचा माणूस बोलेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून आम्ही थांबलो. तेही थांबले. प्राचार्य भाषणाच्या कागदांवर हात ठेवून बसले होते, त्यांचे डोळे भरून आले होते. वीस मिनिटं गेली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं, माझा हात हातात घेतला, अंगठा उलटासुलटा करून पाहिला आणि अगदी मायेनं विचारलं, “तुमचा पण लागत नाही का?”

रेशनच्या केवायसीची रांग होती ती. अंगठे लावायचं मशीन आत होतं, नेटवर्क सकाळपासून नव्हतं आणि सगळे नेटवर्क येण्याची वाट पाहत गप्प बसले होते. तिकडे ओट्यावर एक बाई मावशींच्या पाठीवरून हात फिरवत त्यांना धीर देत होती की एवढं रडू नको, नाव कटलं असेल तरी पुन्हा लागतं, माझं दोनदा कटलं होतं. मावशींना ऐकू येत होतं, पण सुरू केलेलं रडणं मध्येच कसं थांबवायचं, हे त्यांना कळेना.

मला हसू आवरेना. दुःखाच्या कामाला निघालेला माणूस आणि पोट धरून बसलोय. शेवटी मी बाबांना सांगितलं की आम्ही कॉलेजवर चाललोय, त्या मुलांसाठी. बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी त्यांच्या बोलीत मागे काहीतरी सांगितलं आणि ते सगळ्यांपर्यंत पोचलं. गेलेल्या दोघांतला एक त्यांच्याच पाड्यावरचा होता. बाबा उठले. त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं उठली. तेवढ्यात आतून हाक आली की नेटवर्क आलं. क्षणभर सगळे थबकले. मग त्यांनी आपापल्या चपला रांगेत नंबरासाठी ठेवल्या आणि अनवाणी पायांनी आमच्याबरोबर चालू लागले.

कॉलेज ओढ्यापलीकडे होतं, बस पातेल्यासकट मागून आली. मावशींना तिथे पुन्हा रडावं लागलं, आणि ह्या वेळी त्यांना रीत आठवायची गरज पडली नाही.

डोंगरावरचे सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. आम्हाला पाहून ते उठले आणि खाली जमिनीवर येऊन बसले. दाढी वाढली होती. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, सर, तुमची चूक नाही, किंवा असलंच काही. पण दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो. बरंच झालं. काही बोललो असतो तर खोटंच वाटलं असतं.

मग जेवण. पातेल्याच्या कड्या अजून तापलेल्या होत्या. प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून भाषणाचे चार कागद काढले, घडी घालून एका कडीला धरले आणि दुसऱ्या बाजूनं दादांना हात लावायला सांगितलं. ‘काळाचा घाला’ डाळीनं भिजला. आमच्या प्राचार्यांनी केलेल्या सगळ्या भाषणांत मला हे सर्वांत आवडलं.

पातेलं सरांच्या समोरच आलं. तांबडी अक्षरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मी मनात म्हणत होतो, विचारा, सर. सापडलं का शेवटी, असं काहीतरी बोला. चार माणसांत माझी लाज काढा. माणसानं आपल्याला शिव्या घालाव्यात असं मला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी त्या अक्षरांकडे पाहिलं आणि मान फिरवली. मावशींनी त्यांच्या हातावर भाकरी ठेवली, तिच्यावर डाळ घातली. अर्धी भाकरी खाल्ली त्यांनी. मावशी समोरून उठल्याच नाहीत, म्हणून खाल्ली.

घटकाभरानं दादा उठले, म्हणजे आम्ही सगळे उठलो. ‘येतो’ म्हणायचं नव्हतं, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. खाली मान घालून आम्ही बसमध्ये चढलो. मी खिडकीशी बसलो आणि पाहतो तर काय, त्यांच्याच कॉलेजची दोन पोरं ते पातेलं उचलून आमच्या बसच्या मागच्या दाराशी घेऊन येत होती. पाहुण्यांचं भांडं विसरायला नको म्हणून. अक्षरांची बाजू त्यांच्या पोटाकडे होती आणि पातेलं धुऊन लखलखीत केलेलं होतं. मावशींनी पाहिलं. प्राचार्यांनी पाहिलं. मी पाहिलं. आणि तिघांनीही तोंड उघडलं नाही, कारण शीव ओलांडेपर्यंत बोलायचं नसतं. मी दादांना डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, मानेनं मागे दाखवलं. त्यांना वाटलं मला भरून आलंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बस निघाली.

शीव ओलांडली आणि सगळी बस एका सुरात ओरडली, “पातेलं!”

मी म्हणालो, बस फिरवा. दादा म्हणाले, दारावरून उठलेला माणूस त्याच दिवशी फिरून जात नाही. प्राचार्य म्हणाले, रीत मोडायची नाही. मावशींची नजर मात्र मला आवडली नाही. मी घाटभर चरफडत होतो. दुःखाच्या घरी गेलो, त्यांच्याच भांड्यात त्यांना जेवू घातलं आणि त्यांचंच भांडं उचलून आणलं. वाटेत केवायसीची जागा लागली. रांग हलली होती आणि रिकाम्या चपलाही पुढे सरकवलेल्या होत्या. मागे थांबलेल्या लोकांनी त्या एकेक करून दारापर्यंत आणल्या होत्या.

घरी आल्यावर सगळ्यांनी आंघोळ केली. मावशींनी पातेल्यालाही घातली. दुसऱ्या दिवशी मी ते मेसमधून उचलून माझ्या घरी आणून ठेवलं, नाहीतर भाचीच्या बाळाचं बारसं निघालं असतं. बायकोनं विचारलं, हे काय? मी सांगितलं, हे परत द्यायचंय. ती म्हणाली, कधी? नुसतं पातेलं घेऊन जायचं आणि राजीनामा दिलेल्या माणसापुढे ठेवायचं, म्हणजे हिशेब मिटवून टाकल्यासारखं झालं असतं. मला तो मिटवायचा नव्हता.

महिना संपत आला. मी रोज त्यांच्या ऑफिसात फोन करून विचारायचो, कागद खणातच आहे ना. तिथल्या माणसाला माझा कंटाळा आला होता. तीस तारखेला तो म्हणाला, आहे, पण उद्या पाठवावाच लागेल. त्या दिवशी मी वर्गावर गेलो आणि नकाशात सातपुडा दाखवायला छडी उचलली, ती जाऊन टेकली सह्याद्रीवर.

एकतीस तारखेला सकाळी मी दाढी करत होतो. फोन वाजला. नाव दिसलं आणि साबणाच्या हातानंच उचलला. पलीकडे तोच नुसता श्वास. मीही बोललो नाही. दादांनी शिकवलंच होतं, आपण आधी बोलायचं नाही.

“सर,” ते म्हणाले, “आमचं पातेलं?”

मी खाली बसलो. कोपऱ्यात पातेलं होतं, त्यालाच टेकलो. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि अर्ध्या गालावर साबण होता. ते सांगत होते की बंधारा अर्धा राहिलाय, पोरं ऐकत नाहीत, सोमवारपासून पुन्हा चालू करायचा म्हणतात, त्या दोघांच्या घरची माणसंही येणार आहेत, शंभर जणांची डाळ शिजवायला भांडं नाही. पोती आणायला ह्या वेळी मी स्वतः जाणार आहे, असंही म्हणाले.

नदीला पूर आलाय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्या दिवशी त्यांच्या दारात जो शब्द मी गिळला होता, तो म्हणालो.

“येतो, सर.”